पाचाला लावायचा

आमच्या घरी केक पाचाला लागायचा. सकाळी नाही, दुपारच्या निवांत वेळी नाही, संध्याकाळी पाचाला. लोकांच्या घरी चतुर्थी-एकादशी पाळतात, आमच्याकडे केकची वेळ पाळायचे. साडेचारपासून आई मैदा चाळून, दही घुसळून, जायफळ किसून तयार असायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसायची. सोडा घालायचा तो पाच वाजता, आणि मग भांडं लगेच ओव्हनमध्ये.

मला 'का' विचारायची खोड जन्मजात आहे. शाळेत असताना मी तिला विचारलं होतं, पावणेपाचला लावला तर काय होईल?

"बिघडेल," आई म्हणाली.

"का पण?"

"ताईनं सांगितलंय. पाचाला लावायचा."

ताई म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. ती लग्न होऊन महूला गेली. काका तिथे छावणीत नोकरीला होते, शेजारपाजार सगळा लष्करातला, त्यामुळे केक ही विद्या आमच्या खानदानात आली ती मावशीच्या हातून. बदली होऊन जाणाऱ्या कुण्या साहेबानं विकलेला गॅसचा भलामोठा ओव्हन तिच्याकडे होता. तिनं आईला कृती तोंडी सांगितली: इतका मैदा, इतकं दही, वर चारोळ्या पेरायच्या आणि ओव्हन पाचाला लावायचा. आईनं ती शब्दन्‌शब्द पाळली. आई मराठी शाळेत शिकवायची, शब्द पाळणं हा तिचा धर्मच होता.

गंमत अशी की दोघी बहिणींनी एकमेकींना केक करताना कधी पाहिलंच नव्हतं. आमच्यात केक हा डब्यातून न्यायचा पदार्थ. मावशी इंदूरला यायची ती केक घेऊन, आई महूला जायची ती केक घेऊन. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मावशीचा वाढदिवस असतो, त्या दिवशी तर आईचा केक जायचाच. मावशी एक तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि विचारायची, "पाचाला लावला होतास ना?" आई म्हणायची, "हो तर." मग मावशी मान हलवायची. एवढीच पावती. छान झालाय असं ती कधी म्हणाली नाही. थोरल्या बहिणी म्हणत नसतात.

आईचा ओव्हन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गोल डबा होता. झाकणात कॉइल, झाकणाच्या मधोमध काचेची एक टिकली, आत डोकावायला. बटण नाही, आकडे नाहीत. प्लग लावला की चालू, काढला की बंद. अधूनमधून शॉक द्यायचा, म्हणून आई रबरी चपला घालूनच त्याच्याजवळ जायची आणि दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. त्याच्यासोबत एक लाकडी चमचा असायचा, टोक जळून काळं झालेला. झाकण उचलताना शॉक लागू नये म्हणून तो असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. नाहीतरी त्या चमच्याबद्दल 'का' विचारायचं माझं राहूनच गेलं.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. फ्लॅट नवा, वस्ती नवी, पण ते काही फार मनाला लावून घेणाऱ्यातली ती नाही. तिनं इथे आल्या-आल्या लिफ्टमध्ये दोन मैत्रिणी जमवल्या. मात्र हळूहळू ती एकेक गोष्ट सोडायला लागली. आधी स्कूटी सोडली. मग पोळ्या, म्हणाली, आता गोल होत नाहीत. मग बँकेचे व्यवहार, मग देवाची तेलवात. प्रत्येक वेळी एकच वाक्य असायचं: "आता तू बघ." किल्ली हातात ठेवावी तसं ती हे वाक्य माझ्या हातात ठेवायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. तक्रार नाही, रडारड नाही. मला त्या वाक्याची धास्ती बसली होती. तिच्या हातून माझ्या हातात काहीतरी आलं की तिच्याकडे तेवढं कमी उरायचं.

केक मात्र तिनं सोडला नव्हता. केक तिचा होता.

मागच्या दिवाळीनंतर गोल ओव्हनची कॉइल गेली. मी ती घेऊन राजवाड्यामागच्या गल्ल्यांत फिरले. एका दुकानदारानं कॉइल उजेडात धरून पाहिली आणि एखादं जुनं नाणं दाखवावं तशी शेजारच्या दुकानदाराला दाखवली. मग मला म्हणाला, "दीदी, ये तो अब नी आती. अब तो सब ओटीजी लेते हैं. आप भी ले लो."

घेतला तो ओटीजी, विजेवरचा चौकोनी ओव्हन. काचेचं दार, आत दिवा, वर-खाली दांड्या आणि पुढे तीन गोल बटणं. एका बटणावर तापमानाचे आकडे. पुस्तिकेत लिहिलं होतं, केकसाठी एकशे ऐंशी. आईनं चष्मा लावून ते वाचलं, बटण एकशे ऐंशीवर आणलं आणि बरोबर पाच वाजता भांडं आत ठेवलं.

केक वरून काळा झाला, मधोमध फुटून वर आला, आणि सुरी घातली तर आत शिरा. आई म्हणाली, "होतं पहिल्या वेळी." दुसऱ्या वेळी तिनं दही बदललं. तिसऱ्या वेळी सोडा नवा आणला. दर वेळी वरून कोळसा, आतून शिरा. तिसरा केक तिनं माझ्यासमोर कचऱ्याच्या ओल्या डब्यात टाकला, हात धुतले आणि पदराला पुसले.

"हात गेला माझा," ती म्हणाली.

"अगं, ओव्हन नवा आहे. त्याचा दोष असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं." पराभवासाठी तिच्याकडे नेहमीच एखादी म्हण तयार असते. "राहू दे. ताईच्या वाढदिवसाला बेकरीतून मागव. आता तू बघ."

यंदा मावशीला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिथे आई बेकरीचा, क्रीमची फुलं काढलेला केक घेऊन जाणार, आणि मावशी डोळे मिटून काय विचारणार? मला रडू यायचं ते रागच आला. राग त्या ओव्हनचा आला, त्या म्हणीचा आला आणि आईचाही आला, की ही अशी लढाईआधी तलवार ठेवते. मी "हो, मागवते" म्हणाले आणि काहीही मागवलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट घोळत होती. म्हण ठीक आहे, पण अंगण खरंच वाकडं असलं तर? म्हण बनवणाऱ्यानं अंगण मोजून पाहिलं होतं का?

आता हे मला आधी का सुचलं नाही, याची शरम वाटायला हवी, कारण माझी भाकरीच त्यावर आहे. मी सांवेर रोडवर औषधांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमच्याकडेही ओव्हन आहेत, त्यात पावडरी वाळतात. त्यांच्या बटणावरच्या आकड्यांवर आम्ही कुणीही विश्वास ठेवत नाही. ठरावीक मुदतीनं त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात तारा सोडून आतलं खरं तापमान मोजतो आणि बटण किती खोटं बोलतंय ते दारावर चिकटवून ठेवतो. ऑफिसात इतकी संशयी बाई घरी येऊन पुस्तिकेवर श्रद्धा ठेवते, याला काय म्हणावं.

पण आधी मी गावठी प्रयोग केला. ब्रेडच्या स्लाइस अख्ख्या ट्रेवर फरशीसारख्या मांडल्या आणि ओव्हन लावला. थोड्या वेळानं ट्रे काढला तर नकाशाच तयार होता. मागच्या उजव्या कोपऱ्यातला ब्रेड काळा, मधले तांबूस, दाराजवळचे दोन पांढरेफटक. नवरा तो नकाशा लोणी लावून खात म्हणाला, "सायन्सची इतकी सेवा मी पहिल्यांदा करतोय." मी मात्र हरखून गेले होते. एकाच डब्यात इतके ऋतू!

मग साहेबांची परवानगी काढून लॅबमधली एक जुनी तार आणि तिचा आकडे दाखवणारा डबा घरी आणला. बटण एकशे ऐंशीवर ठेवलं. आकडा चढत चढत दोनशेच्याही वर गेला, मग दांड्या विझल्या, खाली आला, मग पुन्हा दांड्या लाल, पुन्हा वर. एका जागी म्हणून थांबेना. मी स्टूल घेऊन समोर बसले आणि बघत राहिले. आई बाल्कनीतून एकदा आत डोकावली. "टीव्ही बघतेस का ओव्हन?" म्हणाली आणि परत गेली.

मला आता चटकच लागली. वरच्या मजल्यावरच्या भाभींकडे भिंतीत बसवलेला महागाचा ओव्हन आहे. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे ले आओ ना, उसमें तो हम तवा-कढ़ाई रखते हैं." खरंच भांडी रचून ठेवली होती. सगळं बाहेर काढून एकशे ऐंशीवर लावला, तर हा उलटा निघाला. याचं एकशे ऐंशी एकशे पासष्टच्या पुढे सरकेना. भाभी एकदम म्हणाल्या, "देखा? इसीलिए मेरी नानखटाई सफेद रहती है! और ये मुझे बोलते हैं, तेरेको आता नी." मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली. म्हणजे घरोघरी अंगणं वाकडी होती आणि घरोघरी बायका स्वतःच्या पायांना दोष देत होत्या.

बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हेच. ते त्या-त्या ओव्हनमधल्या एका जागेचं नाव. आमच्याकडे ज्याला एकशे ऐंशी म्हणतात, ते भाभींकडे दुसरंच काही असतं. मग आईच्या गोल ओव्हनमध्ये नाव नसलेलं तापमान किती होतं? ते आता कळायला मार्ग नव्हता, कॉइल मेली होती. पण मूळ केक जिथला, तो ओव्हन जिवंत होता. रविवारी तार आणि डबा पिशवीत घालून मी महूला गेले. आईला सांगितलं, मावशीला तिळगूळ देऊन येते.

मावशीनं मला दारातच विचारलं, "डब्यात काय, केक?" मी म्हटलं, नाही, तापमान मोजायचं यंत्र आहे. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "अगं, तू लहानपणापासून अशीच. चल."

तिचा ओव्हन मी पहिल्यांदाच नीट बघत होते. पांढरा रंग उडालेला, जड लोखंडी दार, आणि पुढे एकच मोठं काळं बटण. त्याच्यावरचे आकडे पुसून पार गेले होते, नुसती एक पांढरी खाच उरली होती.

"याच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही. तू लावतेस कसा?"

"कसा म्हणजे? घड्याळासारखा." मावशीनं बटण फिरवलं. "ये देख, खाच वर म्हणजे बारा, बंद. इथे तीन. इथे सहा, बिस्किटांना. केकला पाच. पाचाला लावायचा आणि विसरून जायचं."

मी बटणावरची ती खाच बोटानं चाचपली.

"पाचाला," मी म्हणाले.

"हां, पाचाला. तुझ्या आईला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती बरोबर लावते, तिचा केक खाल्ल्यावर कळतं मला."

मला हसू फुटलं ते आवरेना. मावशी बिचारी पाण्याचा पेला घेऊन आली. मी तिला काही सांगितलं नाही. तार आत सोडली, पाचाला लावलं आणि वाट बघितली. आकडा संथपणे चढला आणि एकशे साठच्या आसपास येऊन बसला. ना वर, ना खाली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. अख्खं माझं बालपण संध्याकाळच्या पाचाची वाट बघण्यात गेलं, शाळेतून आल्यावर भूक लागलेली असताना! आणि ते पाच एका बटणावरचे होते. पण मग पुढचा प्रश्न आला आणि हसू थांबलं. बटणावरचे पाच घड्याळात पाळून केक बिघडायला हवा होता. तो दर वेळी जमत कसा होता?

वाटेतल्या राऊ गावापर्यंत येईतो मला उत्तर सापडलं, आणि ते इतकं सुरेख होतं की मी बसमध्ये मोठ्यानं "अरे!" म्हणाले. नर्मदेचं पाणी! आमच्या जुन्या गल्लीत नळाला ते पाणी संध्याकाळी पाचाच्या सुमाराला यायचं. पाणी आलं की घराघरांतल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि दिवे मलूल व्हायचे, पंखे रेंगाळायचे. विजेचा दाब कमी म्हणजे कॉइल कमी तापणार. आईच्या त्या गोल डब्यानं एरवी केक जाळलाच असता, पण पाच वाजता सारी गल्ली पाणी भरायला लागायची आणि ओव्हन आपोआप मावशीच्या पाचावर यायचा. चुकीचा नियम, बरोबर केक.

अशी गोष्ट पोटात ठेवणं मला जन्मात जमलं नसतं. घरी आल्यावर चपलाही न काढता मी आईला सगळं सांगितलं. बटण, खाच, घड्याळासारखं, सगळं. आई आधी चकित झाली, मग जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मतलब इतके साल मी फालतू में घड्याळ बघत बसली? आणि ताई विचारायची, पाचाला लावला ना, आणि मी बोलायची, हो तर!"

किती दिवसांनी ती अशी हसत होती. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करणारे लोक थांबत नसतात. मी पाण्याच्या मोटारी, विजेचा दाब, मलूल दिवे, सगळं रंगवून सांगितलं. उत्तर इतकं सुरेख होतं ना! बोलता बोलता मी पाहिलं, आईचं हसू ओसरत चाललं होतं.

"मतलब केक मोटारींमुळे जमायचा," ती म्हणाली.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. मी उगाच बोलत होती, हात गेला, हात गेला. हात नव्हताच माझा. गल्लीचा होता." ती उठली आणि बाल्कनीत गेली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी तिला तिचा केक परत द्यायला निघाले होते आणि आजवरचे सगळे केकसुद्धा काढून घेऊन बसले. त्यानंतर ती केकबद्दल बोलेना. मी समजावायला गेले की "भाजी काय करायची?" विचारायची. माझं उत्तर बरोबर होतं आणि घरात मला ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

वाढदिवस जवळ आला होता. लॅबमध्ये एक ओव्हन तपासायचं काम चाललं होतं. माझ्यासोबतची मुलगी आकडे टिपता टिपता म्हणाली, "मॅम, लाइट गेली तर रीडिंग कॅन्सल करायची ना? सेम कंडिशन नाही राहत." मी हो म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी हातातलं पेन खाली ठेवलं.

सेम कंडिशन. नर्मदेचं पाणी रोज कुठे यायचं? एक दिवसाआड यायचं! वाढदिवस काही पाण्याची पाळी बघून येत नसतात. ज्या दिवशी नळ कोरडे, मोटारी बंद, दिवे लख्ख, त्या दिवशीसुद्धा आई केक करायची. आणि जळलेला केक मला एकही आठवत नव्हता.

त्या संध्याकाळी आई बाल्कनीत मटार सोलत होती. मी समोर बसले.

"आई, ज्या दिवशी पाणी यायचं नाही, त्या दिवशी केकचं काय करायचीस?"

"काय म्हणजे?" ती वैतागली. "आता पुरे कर ना ते."

"एवढं सांग. शेवटचं."

"काय करणार? चमचा लावायची."

"कुठे?"

"झाकणाला, अजून कुठे. झाकण थोडं उचलून खाली चमचा सरकवायची. वाफ निघून जाते."

"पण चमचा लावायचा हे तुला कसं कळायचं?"

"वास यायचा ना. घाई झाल्यासारखा वास यायचा, की हा आता ऐकणार नाही. मग चमचा. वास शांत झाला की काढायची. कधी पूर्ण चमचा, कधी नुसतं टोक..." ती बोलता बोलता थांबली. हातातली शेंग तशीच राहिली. माझ्याकडे बघितलं.

"हे मावशीनं सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "ताईला काय माहीत. तिच्याकडे कुठे शॉकवाला डबा होता."

पुढचं स्पष्टीकरण मी मनातच ठेवलं. आयुष्यात क्वचित जमतं ते मला त्या दिवशी जमलं. आईनं मटार संपवले, टरफलं पेपरात गुंडाळली आणि आत गेली. ओट्याखालच्या कपाटातून भांडी हलवल्याचे आवाज आले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो लाकडी चमचा होता, काळ्या टोकाचा. घर बदलताना तिनं टाकला नव्हता.

"मैदा आहे का घरात?" तिनं विचारलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिनं केक केला. सकाळी अकराला! मला ते बघवेना, इतक्या वर्षांची सवय. मी बटणाकडे हात नेला तर ती म्हणाली, "थांब, मला बघू दे." तिनं बटण घड्याळासारखं बघितलं, आकड्यांकडे नाही. पाचाला आणलं, दारापाशी हात धरला, मान हलवली आणि चाराला आणलं. मी आधीच तार आत सोडून ठेवली होती, डबा ओट्यावर आकडे दाखवत होता.

"ही तुझी वायर पहिले काढ. दार नीट लागत नाही."

"आई, फक्त एकदा. मला बघायचंय की..."

"काढ."

काढली. मला आजही माहीत नाही त्या केकला किती तापमान लागलं, आणि ते माहीत नसल्याची रुखरुख अजून आहे. आई दारासमोर स्टुलावर बसली. काचेतून आत बघत नव्हती, डोळे अर्धवट मिटून बसली होती. अर्ध्या वाटेवर तिनं नाक वर केलं, उठली, दार किंचित उघडलं आणि फटीत चमच्याचं टोक अडकवलं. नुसतं टोक. मी खूप हुंगलं. मला जायफळाचा वास आला, बाकी काही कळलं नाही.

केक सपाट, बदामी, मधोमध न फुटलेला निघाला. आईनं तो बघितला आणि लगेच डबा शोधायला लागली.

महूला मावशी नवी साडी नेसून बसली होती. आईनं स्वतः केक कापला, तुकडा बशीत ठेवून तिच्या हातात दिला. मावशीनं खाल्ला, डोळे मिटले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

"पाचाला लावला होतास ना?" मावशीनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "चाराला."

मावशीनं डोळे उघडले. "चाराला? कच्चा राहतो चाराला."

"माझा ओव्हन कडक आहे. त्याचं चार म्हणजे तुझं पाच. आणि मध्ये चमचा लावला."

"चमचा? कसला चमचा?"

आईनं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली. पिशवीतून तो काळ्या टोकाचा चमचा काढला. तो तिनं बरोबर आणलाय हे मलाही माहीत नव्हतं. "चल आत," ती म्हणाली, "तुला दाखवते." थोरल्या बहिणीचा हात धरून ती स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच थांबले. जड दार उघडल्याचा आवाज आला, मग बटण फिरल्याचा. मावशीनं काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. आईचं मात्र ऐकू आलं.

"गप्प राहा ना ताई, हात नको लावू," ती म्हणत होती. "मी करते. आता तू बघ."